बॉम्बे डाईंग : रंग, रसायन आणि जमीन

नौरोजी वाडिया यांनी १८७९ साली मुंबईत विटांच्या एका शेडमध्ये धंदा मांडला, तेव्हा तिथे ना माग होता ना चाती. देशात कातलेलं सूत हाताने रंगात बुडवायचं आणि उन्हात वाळवायचं, एवढंच काम. रंगही तीनच : टर्की लाल, हिरवा, नारिंगी. त्यातला लाल भलताच हट्टी. सुती धाग्यावर तो सहजी बसत नाही. आधी सूत तेलात मुरवायचं, मग तुरटीचं पाणी द्यायचं, तेव्हा कुठे रंग धरतो. आणि एकदा धरला की धुण्याला दाद देत नाही. म्हणजे विणण्याआधी या घराण्याने हात घातला तो रसायनात. बॉम्बे डाईंग म्हटलं की लोक चादरी-टॉवेलांपाशी रेंगाळतात; मला हे तेल-तुरटीचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं.

पुढचं बरंचसं परिचित आहे. वरळीची टेक्स्टाइल मिल, नायगावची स्प्रिंग मिल, कोकणातून नि घाटावरून आलेले कामगार, परळला वाडियांच्या देणगीतून उभी राहिलेली रुग्णालयं. १९७१मध्ये मात्र घरातच ठिणगी पडली. नेव्हिल वाडिया कंपनी आर. पी. गोएंकांना विकायला निघाले आणि मुलगा नस्ली आडवा आला. जे. आर. डी. टाटांचा पाठिंबा, आई-बहिणीचे शेअर आणि कामगार-कर्मचाऱ्यांची साथ त्याने गोळा केली. वडिलांना बेत सोडावा लागला.

नस्ली वाडियांनी मग मोठा डाव मांडला तो रायगडात, पाताळगंगेला. पॅराझायलीन आणि मिथेनॉल यांपासून डीएमटी बनवायचं. हा पॉलिएस्टरचा कच्चा माल. त्याला पर्याय म्हणजे पीटीए, आणि तो रिलायन्सचा. परवाने, आयातशुल्क, दिल्लीतल्या ओळखी यांवरून ऐंशीच्या दशकात दोघांत जे जुंपलं, त्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. पण निकाल लावला तो रसायनशास्त्राने. पॉलिएस्टर होताना डीएमटीतून मिथेनॉल सुटतं, ते गोळा करून परत वापरण्याचा खटाटोप मागे लागतो. पीटीएतून सुटतं नुसतं पाणी. जगभर डीएमटी मागे पडलं. पुढे पाताळगंगेलाच कंपनीने पॉलिएस्टर तंतूचा कारखाना काढला, तो पीटीएवर चालणारा!

मुंबईतल्या गिरण्यांची घरघर मात्र १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर थांबलीच नाही. १९९१च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे : महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? पर्यावरणवादी कोर्टात गेले, उच्च न्यायालयात जिंकले. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे डाईंगच्या बाजूने कौल दिला. कायद्याने तो बरोबर असेल, शहरासाठी वाईटच ठरला.

२०२३मध्ये वरळीची सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीला सुमारे ५,२०० कोटी रुपयांना विकायचं ठरलं. त्याआधी, १ मार्च २०२० रोजी, बॉम्बे डाईंगच्या दोन्ही गिरण्या आणि श्रीनिवास मिल यांच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी म्हाडाने काढली. घरासाठी अर्ज केलेल्या मुंबईतल्या गिरणी कामगारांची आणि वारसांची संख्या लाखाच्या पुढे आहे.