पाच दिवस, पाच सामने

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा २०२३-२४चा हंगाम मार्च उजाडताच आटोपल्यात जमा होता. १७ विजय, १४ पराभव. त्यात शेवटचे चारही सामने गमावलेले. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या गटात संघ दहावा. राष्ट्रीय स्पर्धेत जायचं तर गटाची बाद फेरी जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे रोज एक, असे सलग पाच सामने!

लुईव्हिल, सिराक्यूज आणि बलाढ्य ड्यूकही गारद झाले. उपांत्य फेरीत व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे, हातात मोजके सेकंद. त्यांचा फ्री थ्रो हुकला आणि मायकेल ओ'कॉनेलने घाईघाईत लांबून फेकलेला चेंडू बोर्डावर आपटून जाळीत गेला. बरोबरी! जादा वेळेत ७३-६५. अंतिम सामन्यात शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाला ८४-७६ असं नमवून १९८७नंतरचं पहिलं गटविजेतेपद.

नशीब होतंच, पण डीजे बर्न्सचं कसब नशिबाचं नव्हे. सव्वाशे किलोंच्या घरातला हा डावखुरा गडी बचावपटूला पाठीने रेटत बास्केटखाली न्यायचा आणि चेंडू अलगद सोडायचा. राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूक पुन्हा समोर आला, तेव्हा त्याने २९ गुण केले. १९८३नंतर प्रथमच संघ अंतिम चौघांत पोचला; तिथे पर्ड्यूने ६३-५० असं रोखलं.

सातत्य मात्र गवसलं नाही. पुढच्या हंगामात बर्न्स नव्हता. १२ विजय, १९ पराभव. मार्च २०२५मध्ये प्रशिक्षक केव्हिन कीट्स यांची गच्छंती झाली.