टो रस्त्याचा, कॅम्बर ट्रॅकचा

भुईगावच्या वाडीतून गाडी बाहेर काढायची म्हणजे आधी केळीची पानं काचेला घासतात, मग दोन कुंपणांमधली वळणं, मग गतिरोधकांची रांग. वसई फाट्याला हायवे लागेपर्यंत चौथा गिअर क्वचितच पडतो. अशा गावात राहून माझ्या पुतण्याने जुनी पोलो घेतली, ती वर्षातून दोनदा रेस ट्रॅकवर पळवायला. ट्रॅक कुठला, तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा. जाऊन-येऊन सुमारे 2600 किलोमीटर! तिथली एक फेरी 3.717 किलोमीटरची. दिवसभरात 30 फेऱ्या मारल्या तरी 111 किलोमीटर भरतात. व्हील अलाइनमेंट ठरवताना मी आधी हे दोन आकडे शेजारी मांडतो.

दुकानात आपण एकच तक्रार घेऊन जातो, ‘स्टिअरिंग ओढतंय.’ पोरगा चाकांना क्लॅम्प लावतो, खड्ड्यात उतरून टाय रॉडचा नट सैल करतो आणि स्क्रीनवरचे लाल आकडे हिरवे झाले की बिल फाडतो. हिरवं म्हणजे कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेत. ती मर्यादा रोजच्या वापराची: टायर टिकावा आणि नवख्याच्या हातातही गाडी बिथरू नये. ट्रॅकवर गाडीकडून मागणं वेगळं असतं.

तिथे मुद्दा येतो कॅम्बरचा. गाडी वेगात वळली की बॉडी बाहेरच्या बाजूला कलते, तिच्यासोबत बाहेरचं चाकही कलतं आणि टायर फक्त बाहेरच्या कडेवर उभा राहतो. म्हणून चाक आधीच वरून आत झुकवून ठेवायचं. हाच निगेटिव्ह कॅम्बर. सरळ रस्त्यावर ते जरा वाकडं दिसतं, पण ऐन वळणात सपाट बसतं. टो समजायला स्वतःच्या पायांकडे बघा: चवडे आत वळलेले की बाहेर? पुढची चाकं किंचित बाहेर वळलेली, म्हणजे टो-आउट असली, तर गाडी वळणात चटकन शिरते. तीच गाडी हायवेवर मात्र स्वस्थ बसत नाही, सारखी सावरावी लागते.

आपल्या हॅचबॅकमध्ये हे कोन बदलायला फार वाव नसतो, हेही सांगायला हवं. पोलो 2009 पासून चाकणला बनू लागली, 2010 मध्ये भारतात तिची स्वतंत्र शर्यतमालिका सुरू झाली आणि 2022 मध्ये इथलं उत्पादन थांबलं. तिच्या सस्पेन्शनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम. मागचं नेहमीच्या दुकानात हलत नाही. पुढे टो सहज बदलतो. कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट बसवावे लागतात आणि त्यांनी एखाद-दीड अंश मिळतो.

पुतण्याने ते बोल्ट एका दुकानात बसवून घेतले. पहिल्याच चेन्नई वारीनंतर पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने गुळगुळीत! सगळ्यांनी खापर कॅम्बरवर फोडलं. खरा घोळ क्रमाचा होता. दुकानदाराने आधी टो जुळवला आणि नंतर कॅम्बर बदलला. कॅम्बर बदलला की टोही हलतो, म्हणून टो नेहमी शेवटी. पाव अंश टो चुकला तर हिशेबाने टायर दर किलोमीटरला चार मीटरहून जास्त आडवा घासतो. 2600 किलोमीटरला ते झाले 11 किलोमीटर! कॅम्बर टायर खातो, पण चवीपुरता. पोटभर खातो तो टो.

दुसऱ्या खेपेला आम्ही खळ्यातच बसलो. गवंड्याकडून ओळंबा आणि पाण्याची नळी आणली. चारही चाकांखालची पातळी नळीने बघितली, हवा भरली, टाकी अर्धी ठेवली आणि चालकाच्या सीटवर पुतण्याच्याच वजनाची तांदळाची पोती टाकली. त्याच्या आईने पोती उचलताना काय म्हटलं ते इथे छापण्याजोगं नाही. ओळंबा चाकाशेजारी सोडला. 15 इंची रिमवर वरच्या आणि खालच्या कडेत साधारण 7 मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश कॅम्बर. गाडीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी ताणली आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं, की टो कळतो. परदेशातले रेसिंगवालेही अशी दोरी ताणतात.

पुढे दोन्हीकडे उणे दीड अंश कॅम्बर, टो शून्य. टो-आउट द्यायचा मोह पुतण्याला झाला होता, मी दिला नाही. 111 किलोमीटरच्या चटकन वळण्यासाठी 2600 किलोमीटर कोण सावरत बसणार? गाडी ट्रेलरवर नेणाऱ्याने खुशाल द्यावा.

आकडे बरोबर की चूक, ते ट्रॅकच सांगतो. फेऱ्या संपवून पिटमध्ये आल्या आल्या टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर असं तीन ठिकाणी घ्यायचं. बाहेरची कड जास्त तापली असेल तर कॅम्बर कमी पडतोय. आतली थोडी जास्त गरम असली तर चालतं.

ट्रॅकचं वेड नसलं तरी एवढं करा. पावसाळ्यातले खड्डे संपले की अलाइनमेंट तपासून घ्या, दुकानदाराकडे आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे छापून मागा आणि टायरची आतली कड खाली वाकून हाताने चाचपा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय ती दिसत नाही.