उभ्या मोटारीतील उन्हाळा

विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यातील दुपारी दोन तास उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीचे दार उघडण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला या लेखाचा विषय निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. आतील झळ तोंडावर येते, स्टिअरिंगला हात लावता येत नाही, बैठकीवर टेकवत नाही. मग चारही दारे उघडून मनुष्य काही वेळ बाहेरच उभा राहतो आणि नंतर आत बसून एसी पूर्ण जोरात सोडतो. ज्या उन्हाने ही भट्टी पेटविली, त्याच उन्हाकडून ती निदान निम्मी तरी विझवून घेता येणार नाही काय, असा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. तो वाटतो तितका हौशी नाही.

१९८०च्या दशकात सौरचुलीचा मोठा प्रचार झाला, हे अनेक वाचकांना आठवत असेल. आतून काळी केलेली पेटी, वर काच आणि एका बाजूला आरसा, एवढ्या सामग्रीवर डाळभात शिजत असे. उन्हात उभी केलेली मोटार म्हणजे चार चाकांवरची सौरचूलच होय. सूर्यप्रकाश काचेतून आत शिरतो, डॅशबोर्ड आणि बैठका तो शोषून घेतात व तापतात, आणि त्यांच्या स्पर्शाने आतील हवा तापते. काच उष्णतेचे किरण अडवते म्हणून असे घडते, हे आपण शाळेत शिकलो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ साली दोन पेट्या उन्हात ठेवल्या होत्या. एकीवर काचेचे झाकण होते, दुसरीवर उष्णतेचे किरण सहज बाहेर जाऊ देणाऱ्या सैंधवाचे. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. अशा बंदिस्त जागेच्या तापण्याचे मोठे कारण तापलेली हवा आत कोंडली जाते हे आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. रोगाचे कारण कोंडलेली हवा असेल, तर उपाय कोणत्या दिशेने शोधावयाचा हे ओघानेच आले.

या तापण्याचा वेग किती, याची मोजमापे झालेली आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंशांनी वाढलेले आढळले, आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकीची काच बोटभर खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. अॅरिझोना राज्यातील टेंपी शहरात केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तासभर उन्हात उभ्या केलेल्या मोटारींतील हवा सरासरी ४७ अंशांच्या आसपास, तर डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत तापला होता. सावलीत उभ्या केलेल्या मोटारींत हेच आकडे ३८ व ४८ होते.

काच बोटभर उघडून उपयोग होत नसेल, तर वायुवीजनाने काय साधणार, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर असे की नुसती फट म्हणजे वायुवीजन नव्हे. हवा आत येण्यास एक वाट, बाहेर जाण्यास दुसरी वाट आणि तिला ढकलणारी शक्ती, या तिन्ही गोष्टी लागतात. स्वयंपाकघराच्या बंद खोलीत धुरांडे का ओढत नाही, हे चुलीपुढे बसलेल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते.

आता थोडा हिशेब करून पाहू. लहान मोटारीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा असते. एखाद्या पंख्याने ताशी दोनशे घनमीटर हवा बाहेर टाकली, तर आतील हवा जवळजवळ दर मिनिटाला बदलेल. बाहेर जाणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा अंशांनी अधिक तापलेली असली, तर तिच्याबरोबर सुमारे एक किलोवॉट इतकी उष्णता निघून जाईल. हे काम करणाऱ्या पंख्याला मात्र वीसतीस वॉट वीज पुरते. भर उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण एक हजार वॉट ऊर्जा पडते व आजचे चांगले सौरघट तिच्यातील पाचवा हिस्सा विजेत रूपांतरित करतात. म्हणजे छताचा फूटभर रुंद आणि फूटभर लांब तुकडाही पंख्याला कसाबसा का होईना पुरेल. शिवाय ऊन जितके कडक तितका पंखा जोरात चालणार, आणि ढग आले की त्याची गरजही कमी होणार. मागणी आणि पुरवठा असे आपोआप जुळून येण्याचे भाग्य सौरऊर्जेच्या फारच थोड्या उपयोगांना लाभले आहे. उलट, अशा छोट्या पॅनेलवर एसी चालवू म्हटले तर ते शक्य नाही, आणि शंभर वॉटचे पॅनेल दिवसभर तापवून विजेवर चालणारी मोटार जेमतेम चारपाच किलोमीटर पुढे सरकेल.

ही कल्पना केवळ कागदावरची नाही. जपानच्या माझदा कंपनीने १९९२ सालच्या ९२९ या मोटारीत छताच्या काचेत सौरघट बसवून त्यांवर पंखे चालविण्याची ऐच्छिक सोय दिली होती. टोयोटाने २००९ साली आलेल्या प्रियस मोटारीसाठी पुन्हा तीच वाट धरली. त्या छतावरील पॅनेलचे काम मोटार चालविण्याचे नव्हते. उभ्या मोटारीतील तापलेली हवा बाहेर काढणे एवढेच होते. तथापि दोन्ही ठिकाणी ही सोय महागड्या मोटारीचा अलंकार म्हणूनच राहिली. सामान्य ग्राहकाच्या वाट्याला आले ते खिडकीच्या काचेवर अडकविण्याचे, तळहाताएवढे पॅनेल असलेले पंखे. तेवढ्या पॅनेलवर एखादा वॉट वीज मिळते आणि हवा आत येण्याची निराळी वाट नसते. त्यांनी निराशा केली तर त्यात सूर्याचा दोष नाही.

आपल्याकडे तर याहून विपरीत घडत आहे. छताला काचेची खिडकी असलेली मोटार ही प्रतिष्ठेची खूण झाली आहे. ज्या देशात वर्षाचे आठ महिने उन्हापासून बचाव करावयाचा, तेथे ऊन आत घेणारे छत आपण अधिक पैसे मोजून विकत घेतो. बाजूच्या काचा वाटेल तशा काळ्या करता येत नाहीत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु मग उष्णतेसाठी दुसरा मार्ग काढणे हे मोटार बांधणाऱ्याचे कर्तव्य ठरते. मोटार थंड हवेच्या देशात जन्मली, हे तिच्या बांधणीत अजून दिसते. ती येथे येऊन शतक लोटले, तरी तिला येथील हवामानाची ओळख करून देण्याचे काम अपुरेच राहिले आहे.

हा प्रश्न केवळ मालकाच्या चैनीचा असता, तर त्यासाठी या पानावर जागा खर्चण्याचे कारण नव्हते. पण मंगल कार्यालयाबाहेर, इस्पितळाच्या आवारात, कचेऱ्यांच्या दारात तासन्‌तास मोटारीत बसून राहणारा पगारी चालक आपल्या दृष्टीस पडत नाही काय? एसी लावावा तर इंधन जळते म्हणून मालक रागावतो, न लावावा तर अंग भाजून निघते. बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपावे, तर विषारी वायूने जीव जाण्याचे भय. वीस वॉटचा पंखा या माणसाला गारवा देणार नाही. पण भट्टीतून त्याला उंबऱ्यावर निश्चित आणून सोडील.

उंबऱ्यावरच, त्यापलीकडे नव्हे. येथे या उपायाची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. पंखा आतील हवा बाहेरच्या हवेइतकी करू शकतो, तिच्याहून थंड नाही. बाहेर पारा ४५ अंशांवर असेल, तर आत त्याहून अधिकच असणार. म्हणून मोटारीत पंखा आहे, तेव्हा मूल पाच मिनिटे बसू शकेल, असा समज कोणाचाही झाला तर या सोयीने हितापेक्षा अहितच अधिक होईल. लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या मानाने कितीतरी लवकर तापते. एकट्या अमेरिकेत १९९८ पासून तापलेल्या मोटारींत ९०० हून अधिक मुलांनी प्राण गमावले असून त्यांतील निम्म्याच्या आसपास मुले घरच्याच माणसाकडून नकळत मागे विसरली गेली होती. आपल्याकडे मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम् जिल्ह्यात खेळता खेळता उभ्या मोटारीत शिरलेली चार मुले दारे न उघडल्याने दगावली. इटलीने २०१९ पासून चार वर्षांखालील मुलांच्या आसनाला मूल मागे राहिल्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे केले आहे. हे काम सावधगिरीचे आणि कायद्याचे आहे, पंख्याचे नव्हे.

तेव्हा काय करावे? उभी मोटार कुलूपबंद ठेवावी व मुलांना तिच्यात खेळू देऊ नये, ही शिकवण शाळेतून दिली जावी. पांढऱ्या किंवा चंदेरी रंगाची मोटार घ्यावी; कॅलिफोर्नियातील २०११ च्या एका तुलनेत चंदेरी मोटारीतील हवा काळीपेक्षा पाचसहा अंशांनी कमी तापलेली आढळली होती. पुढच्या काचेला आतून पडदा लावावा. नगरपालिकांनी मोटारतळावर फरसबंदी करताना झाडांसाठी चार आळी मोकळी सोडावीत, कारण सावलीएवढे स्वस्त आणि खात्रीचे वायुवीजन दुसरे नाही. आणि जेथे सावली मिळणार नाही तेथे छतावरचे छोटे पॅनेल व एक पंखा ही सोय चैनीच्या यादीतून काढून रोजच्या वापराच्या मोटारींत, निदान भाड्याच्या मोटारींत, आणण्याचा विचार उत्पादकांनी करावा. आरसे, पुसण्या आणि पट्टे हेही एकेकाळी जादा पैशांचे सामानच होते.