पहिल्या पायदानावर कोण?

कुठल्याही घरात शांतपणे चाललेल्या गप्पा मोडायच्या असतील तर एकच प्रश्न पुरे आहे. 'हिंदी सिनेमातलं सर्वांत श्रेष्ठ गाणं कोणतं?' राजकारणावरून भांडणारी माणसं निदान अधूनमधून चहा घेतात. गाण्यांवरून भांडणारी चहा गार करतात!

या भांडणाला आपल्याकडे रीतसर आकडे पुरवले ते 'बिनाका गीतमाला'ने. ३ डिसेंबर १९५२ला रेडिओ सिलोनवर ती सुरू झाली. त्याच सुमाराला आपलेच एक मराठी मंत्री, बाळकृष्ण केसकर, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार करायच्या मागे लागले होते. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं ही त्यांची तळमळ. लोकांनी काय केलं, तर रेडिओची सुई शॉर्ट वेव्हवर फिरवली आणि थेट श्रीलंका गाठली. केसकरांना वाटलं असेल घराघरांत यमन वाजेल, वाजला तो टूथपेस्टवाल्यांचा कार्यक्रम. आकाशवाणीला शहाणपण येऊन विविध भारती सुरू झाली ती १९५७च्या ऑक्टोबरात. तोवर बुधवारची रात्र अमीन सयानींची होऊन गेली होती.

सुरुवातीला सात गाणी उलटसुलट क्रमाने लावत. श्रोत्यांनी लोकप्रियतेचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि पुढे तो आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला, असं सयानी सांगत. एवढी पत्रं वाचणार कोण? मग रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांचा कौल यांचा मेळ घालून क्रम ठरू लागला. 'नंबर' न म्हणता 'पायदान' म्हणायचं, ही सयानींची खास लकब. आणि आणखी एक, जी माझ्या आत्याने मला लहानपणीच दाखवून दिली होती. सगळे जण 'भाइयों और बहनों' म्हणत, हा माणूस 'बहनों और भाइयों' म्हणायचा.

"आधी आमचं नाव घेणारा तेवढा एकच होता गं," असं ती म्हणायची.

सयानींच्या आई कुलसुमबाई या प्रौढशिक्षणाचं काम करणाऱ्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत, नवसाक्षरांसाठी, सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. मुलगा त्यात हाताखाली राबलेला. ती सोपी, कुणालाही कळेल अशी भाषा कुठून आली, याचं उत्तर मला तरी तिथेच सापडतं.

आत्या साताऱ्याला एकत्र कुटुंबात दिलेली. घरात रेडिओ एक, तो ओटीवर सासऱ्यांच्या डोक्याशी. त्याचं लायसन्स सासऱ्यांच्या नावावर, बटणं दिरांच्या ताब्यात. बुधवारी आठ वाजता गीतमाला लागायची आणि आठलाच पुरुषांची पानं मांडली जायची. म्हणजे वरच्या पायदानांची गाणी ती आमटी वाढता वाढता ऐकणार, आणि मध्येच भाकरी आणायला आत गेली की एखादं हुकणारच. तरी तिने यादी ठेवली. दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानांवर. एका बाजूला शेर-अदपाव, दुसऱ्या बाजूला शंकर-जयकिशन. वर्षअखेरीची यादी मात्र ती पूर्ण लिहायची. त्या रात्री पानं अर्धा तास उशिरा मांडली जात, आणि त्यावरून दर वर्षी एकदा तरी कुणीतरी रुसत असे.

पोस्टकार्डंही पाठवायची. सही काकांच्या नावाची. "बाईमाणसाने सिनेमाच्या गाण्याला पत्र लिहिलं असं पोस्टमनला कळलं असतं तर?" काकांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची आवड सैगलपाशी थांबलेली. त्यांच्या नावाने मतं मात्र मदनमोहनला पडत होती!

आता आत्या ब्याऐंशीची आहे आणि ती वही माझ्याकडे आहे. २० फेब्रुवारी २०२४ला अमीन सयानी गेले, तेव्हा मी ती परत काढली आणि वर्षअखेरीची पहिली गाणी एका कागदावर उतरवली. वाचता वाचता एक गोष्ट खटकली. १९५३चं पहिलं गाणं 'अनारकली'तलं, लताबाईंचं, एकटीचं. त्यानंतर एकट्या बाईच्या आवाजातलं गाणं वर्षाच्या पहिल्या पायदानावर पाहायला मला १९६८च्या 'शागिर्द'पर्यंत खाली उतरावं लागलं. पुढच्याच वर्षी 'इंतकाम', मग 'दो रास्ते', १९७२ला 'हरे रामा हरे कृष्णा'तलं आशाताईंचं. पण मधली चौदा वर्षं? त्यात युगुलगीतं आहेत, 'सी.आय.डी.'चं, 'जनम जनम के फेरे'चं, 'ताजमहल'चं. बाकी सगळे तलत, हेमंतकुमार, रफी, मुकेश. आणि हा काळ म्हणजे लताबाईंच्या आवाजाचा ऐन बहराचा काळ!

गंमत अशी, की १९५४चं 'टॅक्सी ड्रायव्हर'चं गाणं तलतनेही गायलंय आणि लताबाईंनीही. १९६२चं 'जंगली'चं रफीनेही आणि लताबाईंनीही. चाल तीच, शब्द तेच. पण गाण्याचं नाव काढलं की कुणाच्या कानात कुठला आवाज येतो, हे तुम्हीच करून पाहा. मी माझ्या नवऱ्यावर करून पाहिलं. "लताने गायलंय ते?" हे त्याचं उत्तर.

पडद्यामागे गेलं तर चित्र आणखी विरळ. इतक्या वर्षांच्या अव्वल गाण्यांत बाई संगीतकार मला एकच सापडली. उषा खन्ना, १९८३, 'सौतन'. 'दिल देके देखो'ला तिने संगीत दिलं १९५९ला, तेव्हा ती जेमतेम अठराची होती. म्हणजे पहिल्या सिनेमापासून पहिल्या पायदानापर्यंत चोवीस वर्षं. गीतकार बाई तर एकही नाही.

मराठीत तरी काय वेगळं होतं म्हणा. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा कुठे लोकांना कळलं, की 'आनंदघन' म्हणजे लता मंगेशकर. शांताबाई शेळक्यांनी सिनेमासाठी काही गाणी लिहिली ती 'वसंत अवसरे' या नावाने. आत्याने काकांच्या नावाने पोस्टकार्ड टाकलं, तर ती एकटी नव्हती एवढंच.

हे सगळं मी आमच्या भिशीत बोलले आणि पंचाईत ओढवून घेतली. आम्ही नऊ जणी. अडतीसपासून चौऱ्याहत्तरपर्यंत वयं, एक निवृत्त गणिताच्या बाई, एक पोळीभाजी केंद्र चालवणारी, एक बँकेतली, बाकी माझ्यासारख्या सटरफटर. कुणीतरी म्हणालं, "मग आपणच करूया की यादी. फक्त बायकांची मतं." ठरलं. प्रत्येकीने पाच गाणी क्रमाने लिहून आणायची, आवाज बाईचाच हवा.

पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या उघडल्या. पहिल्या पसंतीची मतं मोजली. 'अनारकली'ला चार, 'गाईड'मधल्या लताबाईंच्या गाण्याला तीन, 'उमराव जान'मधल्या आशाताईंच्या गाण्याला दोन. 'अनारकली'वाल्या ज्येष्ठ मंडळींनी लगेच पोहे पुढे ओढले. झालं, जिंकलो!

तेवढ्यात गणिताच्या बाईंनी चष्मा लावला. "थांबा. बाकीच्या चार गाण्यांचं काय? ती काय उगीच लिहायला लावली?" मग पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला चार, असं करत पाचव्याला एक. 'अनारकली' ज्या चौघींनी लिहिलं होतं त्यांनी पहिलंच लिहिलं होतं, बाकीच्यांच्या यादीत ते नव्हतंच. चार गुणिले पाच, वीस. आणि एक गाणं असं निघालं, की जे एकीनेही पहिलं लिहिलं नव्हतं. पण पाच जणींनी दुसरं लिहिलं होतं, तिघींनी तिसरं. वीस आणि नऊ, एकोणतीस. बाकीची सगळी त्याच्या खालीच.

ते गाणं 'बंदिनी'मधलं. १९६३चा बिमल रॉय यांचा सिनेमा, शैलेंद्रचे शब्द, सचिनदेव बर्मन यांची चाल, आशाताईंचा आवाज. तुरुंगात जात्यावर दळण दळणारी एक बाई वडिलांना विनवते, श्रावणात भावाला मला न्यायला पाठवा म्हणून. त्या वर्षी गीतमालेत पहिलं आलं होतं 'ताजमहल'चं प्रेमगीत.

मग जो दंगा झाला तो विचारू नका. "एकीलाही जे सर्वांत आवडत नाही ते सर्वांत श्रेष्ठ कसं?" हा 'अनारकली' पक्षाचा प्रश्न. मुद्दा बिनतोड. "पण चौघी सोडल्या तर जे कुणाच्याच लक्षात नाही, ते तरी कसं?" हाही बिनतोड. बँकवालीने बारीक खोडी काढली, की पाच-चार-तीन ही वाटणी कुणी ठरवली? पहिल्याला दहा देऊन बघा. बघितलं. 'अनारकली' चाळीस, 'बंदिनी' एकोणतीसच! म्हणजे चिठ्ठ्या त्याच, बायका त्याच, आणि श्रेष्ठ कोण ते मोजणारीच्या हातात.

मोजणाऱ्यांच्या गमती मोठमोठ्यांच्याही होतात. २००२ला बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने आपल्या सत्तरीनिमित्त जगभरच्या श्रोत्यांचा कौल घेतला होता. पहिलं आलं एक आयरिश देशभक्तिगीत, दुसरं आपलं 'आनंदमठ'मधलं वंदे मातरम, तिसरं पाकिस्तानचं. बीटल्स वगैरे मंडळी पहिल्या दहात नव्हतीच. ज्यांनी मनावर घेतलं त्यांची गाणी वर गेली, इतकाच त्याचा अर्थ मी लावते. आता तर मोबाइलवर गाणं किती वेळा वाजलं त्याचा आकडा गाण्याखालीच दिसतो. आमच्यातल्या अडतीसच्या मुलीने तोही पुरावा म्हणून काढला. पोळीभाजीवालीने तिला गप्प केलं. "माझ्या केंद्रात सकाळी पाचपासून दुपारी बारापर्यंत मोबाइल वाजतो. एकच यादी, फिरून फिरून. कणीक मळलेल्या हाताने गाणं बदलणार कोण? ते काय सगळं मला आवडतं म्हणून वाजतं?"

मला मात्र राहून राहून वाटत होतं, की आठ जणींनी लिहिलं आणि पहिलं एकीनेही लिहिलं नाही, असं का? मी विचारलं. थोडा वेळ कुणी बोलेना. मग चौऱ्याहत्तरच्या काकू म्हणाल्या, "ते गाणं लागलं की मी रेडिओ बंद करते. आई गेल्यावर दोन वर्षं कुणी न्यायला आलं नव्हतं. जे ऐकवत नाही ते पहिलं कसं लिहू?" बँकवाली म्हणाली, "मी पहिलं लिहिलं होतं, मग खोडलं. माहेरचं रडगाणं पहिलं, असं दिसलं असतं ना." तिची चिठ्ठी पाहिली. खरंच खोडलेलं होतं.

संध्याकाळी आत्याला फोन लावला. निकाल सांगितला. तिने आधी पद्धत विचारली, मग गुण विचारले, मग म्हणाली, "त्यात नवं काय आहे? जात्यावर बसलं की माझी आई हेच म्हणायची. माझा भाऊराया येईल, घोडा अंगणात उभा राहील. तिला कुणी नंबर विचारला नाही." खरं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. आणि त्यांनी प्रत्येक ओवीपाशी गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव लिहून ठेवलं. एका लाखात पहिली ओवी कोणती, हा प्रश्न मात्र मला तरी सुचत नाही. 'गीतरामायण'ही असंच. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर छप्पन गाणी झाली, माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे गायल्या, आणि तिकडे त्याच वर्षी सिलोनवर दर बुधवारी शर्यत चालू होती. दोन्हीकडे कान लावून बसलेली माणसं तीच.

भिशीत मात्र प्रकरण मिटलेलं नाही. 'अनारकली' पक्षाने फेरमोजणी मागितली आहे. गणिताच्या बाई आता पद्धत बदलायला तयार नाहीत. पुढच्या महिन्यात मराठी भावगीतांची यादी करायची आहे आणि त्यात संगीतकार-गीतकारांची खरी नावं लिहायची, टोपणनावं चालणार नाहीत, असा ठराव एकमताने झाला. आत्याचं मत पोस्टकार्डाने येणार आहे. तिने कळवलंय, की सही या खेपेला स्वतःची करीन, पण अक्षर हलतं, तेवढं समजून घ्या.