कचेरीशेजारची खाणावळ

तालुक्याच्या गावी सरकारी कामासाठी ज्याला जावे लागते, त्या मनुष्याच्या दिवसाचे दोन भाग पडतात: साहेब यायच्या आधीचा, आणि साहेब जेवायला गेल्यानंतरचा. यांतील दुसऱ्या भागात, फेरफाराची नक्कल, वारसाचा दाखला, मोजणीचा अर्ज किंवा न्यायालयातील तारीख अशा एखाद्या निमित्ताने पहाटेच्या एसटीने आलेला शेतकरी, त्याच्यासोबत साक्षीला आलेला भाऊबंद, त्यांचे वकीलसाहेब आणि क्वचित विरुद्ध बाजूचे पक्षकारसुद्धा एकाच खाणावळीच्या बाकांवर पाठीला पाठ लावून जेवताना दिसतात. आणि सकाळी ज्यांनी एकमेकांविरुद्ध जबान्या दिल्या, त्यांच्यात मिठाची वाटी बिनदिक्कत इकडून तिकडे जाते. ठाण्यात तर तहसील कचेरीशेजारची मिसळ मामलेदारांच्याच हुद्द्याने प्रसिद्धीस आली. कचेरी आणि अन्न यांचे साहचर्य जुने आहे.

पारनेर हे असेच एक तालुक्याचे ठिकाण. सेनापती बापटांचे हे जन्मगाव. राळेगणसिद्धीमुळे तालुक्याचे नाव देशभर गेले, आणि निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे पाहायला लांबून लोक येतात. परंतु भूमी पर्जन्यछायेची, पाऊस बेभरवशाचा, म्हणून इथली थाळीही त्या भूमीनेच ठरवलेली आहे: बाजरीची भाकरी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, कधी पिठले, कधी शेंगोळे, सोबत शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. शंभराची नोट मोडून काही चिल्लर परत मिळावी, असा हा सगळा मामला. जेवणाऱ्याला निवड करावी लागत नाही, कारण आज काय शिजले आहे ते पोऱ्या ताट ठेवता ठेवताच सांगतो.

एक धान्य आणि एक कडधान्य, ही जोडी जगभरच्या श्रमिकांच्या दुपारच्या जेवणात सापडते. क्यूबासारख्या दूरच्या बेटावरही सामान्य माणसाच्या ताटात भात, काळ्या घेवड्याची उसळ आणि तळलेले पिकले केळे हाच मुख्य आहार असतो. त्या देशात १९६२ पासून शिधापत्रिका आहे, आणि १९९० नंतरच्या टंचाईच्या वर्षांत घरगुती खाणावळींना सरकारने अखेर परवानगी दिली तेव्हा एका खाणावळीत १२ हून अधिक खुर्च्या असू नयेत, असा निर्बंध घातला होता. पारनेरच्या खाणावळीत १२ माणसांना टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ. पण तो निर्बंध कायद्याने घातलेला नसून भाड्याच्या गाळ्याने घातलेला आहे, एवढाच फरक.

असल्या जेवणाला आपण स्वस्त म्हणतो. ते स्वस्त कशामुळे पडते, हा प्रश्न मात्र ताटावर बसलेल्याच्या मनात सहसा येत नाही. धान्य साधे म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. बाजरीच्या भाकरीकडेच पाहावे. बाजरीत स्निग्धांश बराच, त्यामुळे दळलेले पीठ थोड्याच दिवसांत कडू होते; म्हणून ते लागेल तसे, थोडे थोडे दळून आणावे लागते. गव्हाला असतो तो चिकटपणा या पिठात नाही. म्हणून कोमट पाण्यात, एका वेळी एका भाकरीपुरतेच, तळहाताच्या मुळाने रगडून ते मळावे लागते, आणि रगडणे कमी पडले की थापताना कडा चिरतात. मग परातीत पीठ भुरभुरून गोळा थापायचा, दोन्ही हातांवर अलगद तोलून तव्यावर टाकायचा, वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकते न सुकते तोच उलथायचा, आणि शेवटी तवा बाजूला सारून भाकरी थेट आचेवर धरायची, तेव्हा कुठे ती फुगून पापुद्रा सुटतो. पोळ्या लाटून, रचून, फडक्यात गुंडाळून ठेवता येतात; त्यांना यंत्रेही निघाली आहेत. भाकरी निवली की तिचा जीव गेला. त्यामुळे जेवणारे आहेत तोवर चुलीपुढे कोणीतरी बसूनच असावे लागते.

हे कोणीतरी बहुधा बाई असते. पाटीवर नाव मुलाचे किंवा कुलदैवताचे, गल्ल्यावर यजमान, आणि पडद्यामागे धुरात किंवा गॅसच्या भगभगीत त्याची बायको, भावजय, एखादी रोजावर ठेवलेली मावशी. महामार्गावरच्या चकचकीत ढाब्यांमध्ये भाकरी पोळीपेक्षा महाग झाली आहे, याचे कारण धान्याच्या भावात शोधून सापडणार नाही. तिथे त्या हातांना पगार द्यावा लागतो. कचेरीशेजारच्या खाणावळीत हे हात घरचेच असल्यामुळे त्यांची मजुरी हिशेबात कुठे मांडलेलीच नसते, आणि गिऱ्हाईकाच्या खिशात जी चिल्लर परत येते ती बव्हंशी तिथून येते.

पारनेरच्या माणसाला हे निराळे सांगायला नको, कारण या तालुक्यातील कितीएक कुटुंबांचे एक पाऊल पिढ्यानपिढ्या मुंबईत आहे. गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, बायकामुले गावी ठेवून आलेले कामगार जेवत ते खाणावळवाल्या बायांकडे. दोन वेळचे जेवण, हिशेब पगाराच्या दिवशी. पगार महिन्याने, वाण्याचे देणे मात्र रोजचे. म्हणून बाई धान्य उधारीवर आणी, सावकाराला जबर व्याज देई, प्रसंगी गळ्यातले गहाण टाकी. १९७४ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, तेव्हा पगार थांबले, पण पंगती थांबल्या नाहीत. संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या या स्त्रियांचे कर्ज मात्र कोणत्याही मागणीपत्रात नव्हते. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांच्या ते ध्यानात आले, आणि १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. राष्ट्रीयीकृत बँकांनी या बायांना कर्ज द्यावे, ही त्यांची खटपट होती. तारण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेच्या दारात उभे करणे त्या काळी सोपे नव्हते. पुढे १९८२ च्या संपाने गिरणगावच मोडले, आणि खाणावळींची गिऱ्हाइकेही गावोगाव पांगली.

सरकारनेही स्वस्त जेवणाचा प्रयोग दोनदा केला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. योजनेपेक्षा तिच्या नावाने मिळालेल्या मोक्याच्या जागाच अधिक काळ टिकल्या, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची मूद, दहा रुपयांत. थाळीची मूळ किंमत शहरात ५० व ग्रामीण भागात ३५ रुपये धरून वरची रक्कम शासन अनुदान म्हणून देणार, अशी तजवीज होती. टाळेबंदीत दर पाच रुपयांवर आला, आणि २०२१ मध्ये काही महिने थाळी विनामूल्यही मिळाली. त्या दिवसांत या केंद्रांनी किती जणांची भूक भागवली, हे त्यांच्या दारातल्या रांगांनी पाहिले आहे. या थाळीत भाकरी नाही, चपाती आहे, हे सोयीचेच म्हणायचे. ठरल्या वेळात ठरल्या संख्येने वाढायचे तर दुसरे साधत नाही. पण अनुदानाची बिले महिनोन्‌महिने थकतात, ही केंद्रचालकांची फिर्याद वर्तमानपत्रांतून वारंवार वाचायला मिळते, आणि अशी केंद्रे पुष्कळ ठिकाणी महिला बचतगटांकडे आहेत. गिरणगावातली बाई कामगाराला उधार जेवू घालीत असे; आताची बाई सरकारला उधार देते.

कचेरीशेजारच्या खाणावळीला असले अनुदान नाही आणि थकबाकीही नाही, असली तर एखाद्या कारकुनाच्या नावे वहीत दोन ओळी. तिथे जायचेच तर साडेबाराला जावे. एकच्या सुमारास कचेरीतून लोंढा येतो, आणि दोननंतर उसळीत पाणी वाढलेले असते, हे नेहमीची गिऱ्हाइके जाणून आहेत. भाकरी मागताना अर्धी मागितली तरी कोणी हसत नाही. कांदा पुन्हा मागायला संकोच नसावा. या भागाची प्रसिद्ध मासवडी मात्र रोजच्या ताटात मिळेल, अशी अपेक्षा धरू नये. नाव काहीही असले तरी तिच्यात मासा नाही. बेसनाच्या शिजवलेल्या पापुद्र्यात तीळ, खोबरे, लसूण यांचे सारण भरून, वळून, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर वाढायच्या, हे काम तास-दीड तासाचे, आणि तेही चुलीपुढच्या त्याच बाईचे. ती हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, चार जणांची तरी ऑर्डर असावी लागते, आणि तिचे पैसे यजमान आगाऊ मागून घेतात.