वेणगावहून घरापर्यंत

कर्जतजवळचं वेणगाव नानासाहेब पेशव्यांचं जन्मगाव म्हणून तालुक्याला ठाऊक आहे. २००६पासून इथे 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन'चं १२० खाटांचं केंद्र उभं आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना इथे आणतात, बरं करतात आणि त्यांच्या घरी नेऊन पोचवतात. आणणं आणि बरं करणं हे फार मोठं काम आहेच. पण या संस्थेचा खरा कस लागतो तो पोचवण्यात, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

विस्थापित म्हटलं की आपल्याला धरण आठवतं, दंगल आठवते, दरड आठवते. खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, पन्नासाहून अधिक माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली आणि वाचलेल्यांसाठी चौकजवळ नवी वस्ती बांधावी लागली. तिथे घरंच उरली नव्हती. वेणगावात येणाऱ्या माणसाचं घर बहुधा जागेवर असतं. दार असतं, आई असते, कदाचित बायको-मुलंही असतात. फक्त तिथवर जायची वाट त्याच्या डोक्यातून पुसली गेलेली असते. अशा माणसाला विस्थापितांच्या कुठल्याही यादीत जागा नाही. त्याच्यासाठी ना छावणी, ना नुकसानभरपाई.

हे होतं कसं? स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुतेकदा ऐन तारुण्यात सुरू होतो. कानात आवाज येतात, घरचेच आपल्या जिवावर उठलेत असं वाटू लागतं, आणि एक दिवस माणूस उठून चालू लागतो. समोर दिसेल त्या गाडीच्या जनरल डब्यात चढतो. त्या गर्दीत कोण कुणाला विचारतं? दोन दिवसांत तो अशा मुलखात उतरतो, जिथे त्याची भाषा कुणालाच कळत नाही. मग खोपोलीच्या नाक्यावर तो जे पुटपुटतो ती लोकांना निरर्थक बडबड वाटते. प्रत्यक्षात ती मैथिली असू शकते, संथाळी असू शकते आणि त्या बडबडीत त्याच्या गावाचं नावही असू शकतं. आजाराने त्याला घराबाहेर काढलेलं असतं. परत जाण्याची वाट मात्र त्याचं न ऐकणाऱ्या आपण सगळ्यांनी बंद केलेली असते.

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८मध्ये मुंबईत हे काम सुरू केलं. त्यामागचा प्रसंग अनेकांनी वाचला असेल. केस वाढलेला, हडकुळा एक तरुण रस्त्याकडेला करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. दोघांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेलं, उपचार केले. बरा झाल्यावर कळलं की तो विज्ञानाचा पदवीधर आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका त्याच्याकडे आहे आणि घर आंध्र प्रदेशात आहे. पुढे असंच रस्त्यावर आलेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या एका अध्यापकांवर त्यांनी उपचार केले. त्यानंतर शंभराहून अधिक चित्रकार पुढे आले आणि त्यांनी आपली चित्रं या कामासाठी दिली. त्या पैशांतून दहिसरला छोटं केंद्र झालं. शेजाऱ्यांनी विरोध केला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, निकाल संस्थेच्या बाजूने लागला. बाबा आमट्यांच्या सहवासातून काम वाढवण्याचं बळ मिळालं आणि संस्था वेणगावच्या मोकळ्या जागेत आली. २०१८मध्ये डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक रुग्णांसाठी संस्थेने काम केलं होतं.

उपचार ऐकायला साधे वाटतात. आधी आंघोळ, केस कापणं, उवा आणि जखमा साफ करणं, पोटभर जेवण. रस्त्यावर राहिलेल्या माणसाला मनाच्या आजाराबरोबर कुपोषण असतं, रक्त कमी असतं, चिघळलेला एखादा पाय असतो. मग गोळ्या सुरू होतात. औषध लागू पडलं तर काही आठवड्यांत आवाज मंदावतात, झोप लागते, माणूस नजरेला नजर देऊ लागतो. कुणी मौन सोडतं, कुणी स्वतःचं नाव सांगतं. औषधाने एवढं होतं, ही गोष्ट आपल्या समाजाला अजून पुरती पटलेली नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसं उपचारांबाहेर आढळली. देवऋषी, गंडेदोरे, साखळदंड यांत वर्षं जातात.

मग सुरू होतो पत्त्याचा शोध. नाव आठवलं म्हणून गाव आठवतंच असं नाही, आणि आठवलं तरी त्या नावाची गावं देशात डझनभर असतात. म्हणून आडून विचारावं लागतं. बाजार कुठल्या वारी भरायचा? नदी कुठली? शाळेला जाताना रूळ ओलांडावे लागत का? ठाणा कुठला, असं विचारल्यावर पटकन उत्तर आलं तर बिहार-झारखंडाकडे वळायचं, मंडलम म्हटलं तर आंध्र-तेलंगणाकडे. भाषा जाणणारा कार्यकर्ता समोर बसला की चेहरा बदलतो. आपल्या बोलीतलं एक वाक्य कानावर पडलं की बंद झालेली आठवण कधी कधी एकदम मोकळी होते. मग नकाशा, गावच्या पोलीस ठाण्याचा फोन, सरपंच किंवा मुखिया, आणि शेवटी पलीकडून बापाचा किंवा भावाचा आवाज.

तिकीट काढून, डबा बांधून दिला आणि गाडीत बसवलं, असं इथे होत नाही. संस्थेचे कार्यकर्ते रुग्णाबरोबर जातात. आधी रेल्वे, मग एसटीसारखी तिथली बस, मग टमटम, शेवटी पायवाट. घरात पाऊल पडतं तेव्हा काय वाट्याला येईल याचा नेम नसतो. बेपत्ता माणसाची सात वर्षं काही खबर नसेल, तर कायदा त्याला मृत धरू शकतो. पुष्कळ घरांनी त्याआधीच क्रियाकर्म उरकलेलं असतं. शिधापत्रिकेवरचं नाव गेलेलं असतं, सातबारासारख्या कागदांवर वारसांच्या नोंदी झालेल्या असतात. बाई परत आली तर प्रश्न आणखी टोकदार: इतकी वर्षं होतीस कुठे? म्हणून बरोबर गेलेल्या माणसाने बसून आजार समजावणं, हे करणी नव्हे, गोळ्या बंद करायच्या नाहीत हे सांगणं, औषधांचा साठा हाती देणं आणि पुढेही औषध पोचेल असं पाहणं गरजेचं असतं. गोळी सुटली की बऱ्याचदा आजार उलटतो, आणि आजार उलटला की पुन्हा तीच गाडी, तोच जनरल डबा.

या प्रवासाचा आणि औषधांचा खर्च मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला अन्नदान करायला आपल्याकडे माणसं उत्साहाने पुढे येतात, आणि ते चांगलंच आहे. पण पूर्णियाच्या आतल्या खेड्यापर्यंत दोन माणसांचं तिकीट किंवा दर महिन्याच्या गोळ्या हे दान म्हणून कुणाच्या मनात येत नाही. रुग्ण बरा होऊन भिंतीआडच राहिला, तर तो विस्थापितच राहिला. सरकारी मनोरुग्णालयांत बरे होऊनही नेणारं कुणी नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या माणसांकडे पाहिलं की वेणगावची ही शेवटची पायवाट किती महत्त्वाची आहे ते कळतं.

मात्र हे ओझं एका संस्थेच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मध्ये संसदेने केला. त्यातल्या १००व्या कलमाप्रमाणे भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. तो बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि त्याचं कुटुंब शोधून त्यांना कळवायची जबाबदारी त्याच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकलेली आहे. त्यामुळे कर्जत, नेरळ, खोपोलीत असा माणूस दिसला, तर पहिला फोन पोलिसांनाच करायला हवा आणि नोंद झाली का तेही विचारायला हवं. बिहारमधल्या एखाद्या ठाण्यात आईने दिलेली तक्रार आणि इथल्या ठाण्यात झालेली नोंद एकाच माणसाबद्दलच्या आहेत, हे जोपर्यंत कुणी पडताळून पाहत नाही, तोपर्यंत त्याचं गाव शोधायचं काम बाजाराच्या वारावर आणि नदीच्या नावावरच चालत राहणार.