हंगामी खुर्चीवर कोण?

नवी विधानसभा पहिल्यांदा भरते तेव्हा तिला अध्यक्ष नसतो. जुन्या अध्यक्षांचे पद त्या बैठकीच्या तोंडावर संपते आणि नवा निवडायचा तर आधी आमदारांचा शपथविधी उरकायला हवा. म्हणून घटनेच्या १८०व्या कलमानुसार राज्यपाल एका आमदाराला हंगामी अध्यक्ष नेमतात. ज्येष्ठ सदस्याला नेमावे हा झाला संकेत. घटनेत तसे कुठेही लिहिलेले नाही.

बहुमत स्पष्ट असले की या नावाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. आकडे काठावर आले, की मत आवाजी घ्यायचे की शिरगणतीने, गोंधळात काय करायचे, हे सगळे त्याच खुर्चीच्या हाती येते. मे २०१८मध्ये कर्नाटकात ज्येष्ठ आर. व्ही. देशपांडे यांना डावलून भाजपचे के. जी. बोपय्या नेमले गेले. २०१०मध्ये विश्वासदर्शक ठरावाआधी १६ आमदारांना अपात्र ठरवणारे अध्यक्ष हेच! काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने माणूस बदलला नाही. कामकाज थेट दाखवायला मात्र लावले. मुख्यमंत्री येडियुरप्पांनी मतदानाआधीच राजीनामा दिला.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात न्यायालयाने ही वेसण आणखी आवळली. २६ नोव्हेंबरचा आदेश: हंगामी अध्यक्ष तातडीने नेमा, दुसऱ्या दिवशी शपथविधी आणि लगेच बहुमत चाचणी, गुप्त मतदान नाही. यातली खरी मेख क्रमात होती. एरवी आधी अध्यक्षाची निवड होते, आणि आपल्या विधानसभेत ती तेव्हा गुप्त मतदानाने व्हायची. पक्षादेशाचा धाक नाही, कोण फुटले ते कळत नाही. आदेशाने ती वाटच बंद झाली. त्याच दुपारी मुख्यमंत्री फडणवीसांनी राजीनामा दिला. राज्यपालांनी नेमलेल्या भाजपच्या कालिदास कोळंबकरांकडे उरला तो फक्त शपथविधी.

मग ठाकरे सरकार आले आणि चाचणीआधी कोळंबकरांच्या जागी दिलीप वळसे-पाटील बसले. एकदा नेमलेला हंगामी अध्यक्ष असा बदलतात का, हा फडणवीसांचा आक्षेप अगदीच फुसका नव्हता. पण वळसे-पाटलांनी तो फेटाळला, भाजपने सभात्याग केला आणि शिरगणतीत सरकारच्या बाजूने १६९ भरले. अध्यक्षाच्या निवडीतले गुप्त मतदान पुढे डिसेंबर २०२१मध्ये नियम बदलून याच सरकारने काढून टाकले.